चिठ्ठीवर 'एफ ६४.०' लिहून दिलंय. हॉर्मोन सुरू करायला हे हवंच का?

वेर्ण्याची_बस
११ ऑगस्ट २०२४, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. वय २६, गाव गोव्यात, पेडणे तालुक्यात, नोकरी वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत, क्यूसी म्हणजे दर्जा तपासायच्या लॅबमध्ये. जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलंय, मी नाही.

घरी बोलणं कोकणी, लिहिणं-वाचणं मराठी. आमच्या भागात बहुतेक घरांत असंच. कोकणीत घरातल्या पोरीला नपुंसकलिंगी बोलतात. 'तें आयलें, तें जेवलें.' त्यामुळे लहानपणापासून मीही 'हांव आयलें' म्हणतच वाढलो आणि कुणाला काही खटकलं नाही, मलासुद्धा फारसं नाही. पंचाईत मराठीत. तिथे 'आलो' की 'आले' हे दर वाक्याला ठरवावं लागतं. मी आठवीपासून वहीत 'आलो' लिहितो.

गेल्या महिन्यात हिंमत करून एका खाजगी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. नाव-गाव लिहीत नाही. पहिल्याच भेटीत म्हटलं, "मी सकाळच्या बसने आलो." त्यांनी कागदावरून नजर न उचलता दुरुस्त केलं, "आले." तीन भेटी झाल्या, दर खेपेला ८०० रुपये. तिसऱ्या भेटीत लेटरहेडवर निळ्या शाईने लिहून दिलं, 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर, एफ ६४.०', आणि खाली दोन रेघा. मला वाटलं झालं काम. तर म्हणाले, हे फक्त निदान. हॉर्मोनची शिफारस हवी तर आधी ३ महिने मुलगा म्हणून राहून दाखवायचं, आणि आईवडिलांची सही आणायची.

राहून दाखवायचं म्हणजे काय करायचं? लॅबमध्ये आम्ही सगळे सारखेच दिसतो. पांढरा एप्रन, टोपी, मास्क, गॉगल. ३ महिने काय, ३ वर्षं राहीन, सुपरवायझरलाही पत्ता लागणार नाही.

ती चिठ्ठी आईच्या हाती लागली. वाटलं आता घर डोक्यावर घेईल. तिने बोट ठेवून 'डिसऑर्डर' हा शब्द वाचला, आणि खरं सांगतो, तिचा चेहरा उजळला. आजार आहे तर औषध असणार, हा तिचा हिशेब. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिच्या वाढवण्यात काही चुकलं. आता चिठ्ठी तिने कपाटातल्या प्लॅस्टिकच्या फाईलीत ठेवलीय, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत. शेजारी विचारलं तर सांगते, "हॉर्मोनाचो प्रॉब्लेम." मावशी तिच्याही पुढे. तिने बेळगावातला कुणी डॉक्टर शोधलाय, तो म्हणे 'असल्यांना ताळ्यावर आणतो'. आई चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर जाऊया म्हणते.

तर विचारायचं हे. हॉर्मोनसाठी ही चिठ्ठी लागतेच का, आणि २६ वर्षांच्या माणसाला आईवडिलांची सही कशाला? हा एफ ६४.० मानसिक रोगात मोडतो का? कंपनीची दरवर्षी मेडिकल असते आणि ग्रुप मेडिक्लेम आहे, तिथे तो चिकटून बसेल का? आणि एका मित्राने सांगितलं की कलेक्टरचं ट्रान्सजेंडर कार्ड हॉर्मोन सुरू झाल्याशिवाय मिळत नाही. दुसरा म्हणतो कार्डाशिवाय डॉक्टर हॉर्मोन देत नाहीत. असं असेल तर मी गोल गोल फिरतच राहणार.

शेवटचं जरा बालिश आहे. चवथ ७ सप्टेंबरला. घुमट आरतीत मी दरवर्षी मागे, बायकांपाशी उभा राहून गातो, कारण आवाज वर जातो. आत्ता सुरू केलं तर तोपर्यंत काही फरक पडेल?

---

शुक्रवारचा_बाजार
१२ ऑगस्ट २०२४, सकाळी ७.१५

अरे बाबा, आधी एक श्वास घे. तुझ्या दोन मित्रांनी दोन वेगळ्या कागदांची खिचडी केलीय.

एक कागद डॉक्टरचा, दुसरा कलेक्टरचा. पहिला औषधासाठी, दुसरा ओळखीसाठी. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. मी चाळिशीची, म्हापशाची, हे दोन्ही कागद काढलेत, म्हणून ठासून सांगते.

कलेक्टरचं आधी. २०१४ साली १५ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्याच्या निकालात सांगितलं की आपण कोण हे माणसाने स्वतः सांगायचं, त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही. मग ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला, त्याचे नियम २०२० चे. नियमांत स्वच्छ लिहिलंय की जिल्हाधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्रावरून अर्ज पुढे न्यायचा, वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करायची नाही. मुदत ३० दिवस. तू पेडण्याचा, म्हणजे उत्तर गोवा, पणजी. पण अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या होतो. त्या जिल्ह्यात सलग वर्षभर राहत असलास म्हणजे झालं. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दोन्ही मिळतात, त्यावर 'ट्रान्सजेंडर' येतं.

'पुरुष' असं हवं असेल तर ते पुढचं कलम, कलम ७. तिथे मात्र डॉक्टर येतो. कायद्यात शब्द शस्त्रक्रियेचा आहे, आणि हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिंटेंडेंटचं किंवा चीफ मेडिकल ऑफिसरचं प्रमाणपत्र लागतं. नियमांनी मात्र वैद्यकीय उपचाराची व्याख्या सैल केलीय, त्यात समुपदेशन आणि हॉर्मोनही धरलेत. नालसात अट नाही म्हणायचं आणि पाच वर्षांनी कायद्यात ती मागच्या दाराने आणायची, यावर लोक तेव्हापासून भांडताहेत. माझंही मत तेच. पण तुला आज ही पायरी लागत नाही.

मी टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं तेव्हा त्याने विचारलं, "विषय काय घालू?" मी म्हटलं, "मी." त्याने तसंच टाईप केलं, विषय: मी. परत करावं लागलं, २० रुपये वाया.

आता दुसरी गोष्ट, ती जरा रागावून सांगते. डॉक्टर ताटकळवतो म्हणून दुकानातून घेऊन स्वतःच सुरू करू नकोस. मी २०११ साली तेच केलं. कुणी लिहून देईना, तर फार्मसीतून गर्भनिरोधक गोळ्या घ्यायचे, एकीच्या जागी दिवसाला चार. सात-आठ महिन्यांनी डावी पोटरी अशी सुजली की चप्पल जाईना. शिरेत गुठळी. त्या गोळ्यांतलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हॉर्मोन, वेगळं असतं, त्याने गुठळीचा धोका वाढतो, हे मला कॉटवर पडल्यावर कळलं. तुझं औषध वेगळं, धोके वेगळे, पण रक्त न तपासता टोचून घेण्याचा मूर्खपणा तोच.

आणि बेळगावला अजिबात जायचं नाही. आईला मी फोनवर समजावू का? खरंच विचारतेय.

---

ओपीडी_क्रमांक_७
१२ ऑगस्ट २०२४, दुपारी २.५०

मी डॉक्टर आहे, मानसोपचारातच. त्यामुळे आमच्या जातभाईंची थोडी बाजू घेईन आणि बरीचशी घेणार नाही.

तुमच्या चिठ्ठीवरचा एफ ६४.० जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातला, त्याच्या दहाव्या आवृत्तीतला. ती १९९० साली मंजूर झाली. त्यातलं 'एफ' म्हणजे मानसिक व वर्तनविषयक विकारांचं प्रकरण. म्हणजे त्या पुस्तकापुरतं बोलायचं तर हो, मानसिक विकारात मोडतो. पण पुस्तक बदललं. अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात हे मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींच्या प्रकरणात ठेवलंय, नाव 'जेंडर इन्काँग्रुअन्स', मोठ्यांसाठी कोड एचए ६०. म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख यांचं न जुळणं. त्रास होतोय हे सिद्ध करण्याची अट त्यात नाही. आणि नुसतं पोशाख किंवा वागणं वेगळं आहे एवढ्यावर निदान करू नये, असंही त्यात स्पष्ट आहे.

अमेरिकन मनोविकार संघटनेचं पुस्तक निराळं. 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर' हे नाव त्यांच्याकडेही होतं, पण २०१३ मध्ये त्यांनी ते टाकून 'जेंडर डिस्फोरिया' केलं, म्हणजे न जुळण्यातून होणारा त्रास. दहाव्या आवृत्तीत ते एफ ६४ या अख्ख्या गटाचं नाव आहे, ६४.० चं स्वतःचं नाव 'ट्रान्ससेक्शुअलिझम'. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही पुस्तकांनी टाकलेलं नाव आणि जुना कोड लिहिलाय. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी छापील फॉर्म आणि संगणक अजून दहाव्या आवृत्तीवरच चालतात, म्हणून कोडाबद्दल मी त्यांना फार दोष देणार नाही. 'आले' म्हणून दुरुस्त केल्याबद्दल देईन.

कोड पूर्ण काढूनच का टाकला नाही, असं नेहमी विचारतात. कोड नसेल तर कागदावर उपचाराला कारण उरत नाही. बाळंतपणालाही त्या पुस्तकात कोड आहे, म्हणून कुणी बाळंतिणीला आजारी म्हणत नाही. तुमच्या आईला हेच सांगून बघा.

३ महिन्यांची अट कुठून आली तेही सांगतो. ट्रान्सजेंडर आरोग्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटनेची एक मार्गदर्शिका असते. तिच्या २००१ च्या सहाव्या आवृत्तीत हॉर्मोनआधी ३ महिने त्या भूमिकेत राहा किंवा तितके दिवस समुपदेशन घ्या, असं होतं. सातव्या आवृत्तीत हॉर्मोनसाठीची ती अट गेली. २०२२ च्या आठव्या आवृत्तीतही नाही. तिथे पाहायचं ते एवढंच: हे न जुळणं टिकाऊ आहे का, माणसाला परिणाम समजून संमती देता येते का, दुसरा एखादा आजार असेल तर तो आटोक्यात आहे का, आणि मूल हवं असल्यास काय करता येईल यावर बोलणं झालंय का. डॉक्टरांनी ट्रेनिंगमध्ये जे शिकलं तेच ते करताहेत, इतकंच. आईवडिलांच्या सहीला तर कशाचाच आधार नाही. १८ पूर्ण झाल्यावर संमती तुमची. सही मागतात ती उद्या कुणी दवाखान्यात येऊन तमाशा करू नये म्हणून. आमची भीती आम्ही तुमच्या डोक्यावर ठेवतो.

मावशींच्या डॉक्टरबद्दल: ओळख 'बदलून देण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच जाहीर केलंय. शिवाय २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की समाजाच्या चालीरीतींशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

आणि आवाज. ७ सप्टेंबरपर्यंत काही होणार नाही. घसा बसल्यासारखं वाटायला सुरुवात साधारण तिसऱ्या महिन्यापासून, पूर्ण उतरायला वर्ष-दोन वर्षं. एकदा उतरला की औषध थांबवलं तरी वर जात नाही. पाळी पहिल्या सहा महिन्यांत बहुधा थांबते, पण औषध सोडल्यास परत येते. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं समजू नका, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तुम्हाला मिळणारं पुरुषी हॉर्मोन, हे गर्भनिरोधक नाही.

---

वास्को_लोकल
१२ ऑगस्ट २०२४, संध्याकाळी ६.०५

डॉक्टरसाहेब, सगळं मान्य, पण मुळात चिठ्ठीच का? माझ्या काकांना पन्नाशीत थकवा यायला लागला. एक रक्ततपासणी, टेस्टोस्टेरॉन कमी, लगेच इंजेक्शन. त्यांना कुणी विचारलं नाही की लहानपणी बाहुल्यांशी खेळायचात का. मला विचारलं. काकीला पाळी जाताना हॉर्मोन दिले, तिलाही कुणी मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं नाही. औषध तेच, कुपी तीच, आम्हालाच दारात उभं करून 'आधी सिद्ध कर'.

मी शेवटी चिठ्ठी घेतली, पण त्यासाठी डॉक्टरला आवडेल अशी गोष्ट रचून सांगितली. लहानपणी बाहुल्या फेकून दिल्या वगैरे. खरं म्हणजे मला बाहुल्या आवडायच्या. अजून एक आहे माझ्याकडे, कपाटावर.

---

ओपीडी_क्रमांक_७
१२ ऑगस्ट २०२४, रात्री ९.३०

@वास्को_लोकल, माझ्याकडे याला चांगलं उत्तर नाही. काही देशांत धोके-फायदे समजावून, सही घेऊन थेट औषध देतात, मधे मानसोपचारतज्ज्ञ नसतो. नवी मार्गदर्शिकाही त्या बाजूला झुकते. आपल्याकडे बहुतेक एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनचे डॉक्टर, पत्र मागतात, कारण पत्र म्हणजे त्यांचं छत्र. तुमच्या बाहुलीची गोष्ट वाचून वाईट वाटलं. माझ्यासमोरही लोक पाठ केलेलं बोलतात, आणि ते पाठ केलंय हे कळतंही. मी विचारत नाही.

---

प्रीमियम_भरा
१३ ऑगस्ट २०२४, सकाळी १०.२०

विम्याचं काम करतो, फोंड्याला. ग्रुप मेडिक्लेममध्ये साधारणपणे एकेका माणसाची आरोग्याची माहिती मागत नाहीत, कंपनी नावांची यादी देते तेवढ्यावर पॉलिसी होते. पण पॉलिसीची प्रत एचआरकडून मागून अपवादांचं पान वाच. लिंगबदलाच्या उपचारांचा खर्च वगळलेला आढळला तर नवल नाही. स्वतःची वेगळी पॉलिसी काढशील तेव्हा फॉर्ममध्ये विचारलेलं लपवू नकोस. लपवलेलं नंतर सापडलं की अपेंडिक्सचा क्लेमसुद्धा अडकतो. मनोविकार हे कारण दाखवून विमा नाकारायची सोय २०१७ च्या कायद्याने तशीही ठेवलेली नाही, शारीरिक आजारासारखाच धरायचा. कंपनीच्या वार्षिक मेडिकलला मानसोपचाराची चिठ्ठी नेऊन देण्याचं काही कारण नाही. ते ऐकू येतं का, दिसतं का, रक्तदाब किती, हे बघतात.

---

शुक्रवारचा_बाजार
१३ ऑगस्ट २०२४, दुपारी १.००

@वेर्ण्याची_बस, उत्तर दे रे. आईला फोन करू का नको?

---

वेर्ण्याची_बस
२२ सप्टेंबर २०२४, रात्री १०.१५

उशिराबद्दल माफी. चवथीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती.

ताईंनी आईला फोन केला. ४० मिनिटं. पहिली २० मिनिटं माटोळीवर, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या छतावर. यंदा नारळ महागले, ताईंच्या घरी माटोळी कोण बांधतं, कांगलां मिळाली का. मग दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही, आईने दार लोटून घेतलं होतं. बाहेर आली आणि म्हणाली, बेळगावला जायची गरज नाही, "ते बायेन सांगलां." बाळंतपणालाही नंबर असतो हे मी सांगितलं तर म्हणाली, "म्हाका खंय कोणें नंबर दिल्लो?"

दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोन भेटींत पत्र दिलं. बाहुल्यांचं विचारलं नाही. इंजेक्शनने काय होईल, काय परत फिरणार नाही, मूल हवं आहे का, याच तीन गोष्टींवर फिरून फिरून आले. मुलाच्या प्रश्नाला मी 'माहीत नाही' म्हटलं. तर म्हणाले, हे उत्तर चालतं, पण स्त्रीबीजं साठवायची माहिती सुरू करण्याआधी घेऊन ठेवा. पत्रावर 'एचए ६०' आहे, आणि मजकुरात मला 'ते' म्हटलंय. आदरार्थी आहे की मधला मार्ग काढलाय कोण जाणे.

एंडोक्रायनॉलॉजिस्टने रक्त काढलं. हिमोग्लोबिन ११.८, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ३६, लिव्हर, साखर, कोलेस्टेरॉल ठीक. औषधाने रक्त दाट होतं म्हणून दर ३ महिन्यांनी परत तपासायचं. दोन इंजेक्शनांच्या मधोमध टेस्टोस्टेरॉन ४०० ते ७०० च्या मधे असावं, असा आकडा दिला. मी दिवसभर आकडे मर्यादेत आहेत का हेच बघून सह्या करतो, त्यामुळे हे ऐकून बरं वाटलं. पहिलं इंजेक्शन सोमवारी, १६ तारखेला झालं. तेलकट औषध, हळूहळू जातं. नर्सने विचारलं दुखलं का, मी म्हटलं नाही. दुखलं होतं.

कलेक्टरचा अर्ज पोर्टलवर टाकलाय. विषयाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न आला नाही, ताई.

आरतीला यंदाही मागेच उभा होतो, आवाज तिथलाच.

आणि नवं पत्र आईने फाईलीत ठेवलं. मी म्हटलं, मग ते जुनं काढून फाड, त्यात चुकीचं लिहिलंय. नाही म्हणाली. "खंयचोच कागद उडोवंचो न्हय." आता दोन्ही एका खाली एक आहेत, एक-चौदाच्या उताऱ्याच्या वर.